ऑल-टाइम ड्राफ्ट: फॉरवर्ड लाइनची तुलना करताना आधी बघा, पक (खेळाची रबरी चकती) आणतो कोण

प्रश्न थोडक्यात असा: आइस हॉकीचा ऑल-टाइम ड्राफ्ट, म्हणजे कुठल्याही काळातले खेळाडू निवडून संघ बांधायचा आणि कागदावर मालिका खेळवायची, निकाल वाचणाऱ्यांच्या मतांवर. सामने सात, घरच्या बर्फाचा फायदा तुमच्याकडे, म्हणजे पहिला, दुसरा, पाचवा आणि सातवा सामना तुमच्या रिंकवर. लेफ्ट विंग, सेंटर, राइट विंग या क्रमाने लाइन, म्हणजे एकत्र उतरणारे तीन-तीन फॉरवर्ड, अशा आहेत.

तुमचा संघ:
बॉबी हल – फिल एस्पोझिटो – केन हॉज
बिल बार्बर – बॉबी क्लार्क – रेजी लीच
जॉनी ब्युसिक – नॉर्म उलमन – जो मलन
वेन कॅशमन – रॉड ब्रिंडामोर – एड वेस्टफॉल

समोरचा संघ:
टेड लिंडसे – स्टॅन मिकिता – यारी कुरी
व्लादिमीर क्रुतोव – सर्गेई फेदोरोव – सर्गेई मकारोव
बॉब गेनी – गी कार्बोनो – क्लोद प्रोव्हो
एसा टिक्कानेन – बर्नी निकल्स – रिक टॉकेट

तुमचं म्हणणं: पहिली आणि तिसरी लाइन आपली सरळ भारी, दुसरी बरोबरीत, म्हणजे फॉरवर्डमध्ये आपण पुढे. माझं मत वेगळं आहे. आज ज्या रचनेत तुम्ही उतरताय, त्या रचनेत समोरचे फॉरवर्ड थोडे पुढे आहेत. याच बारा जणांत तीन-चार जागा बदलल्या की पारडं तुमच्याकडे झुकतं. कसं ते सविस्तर सांगतो.

आधी बेरजेचं बघू. तुम्ही प्रत्येकाचा एनएचएलमधला (उत्तर अमेरिकेची व्यावसायिक लीग) सर्वांत मोठा हंगाम घेतलात, पॉइंट म्हणजे गोल अधिक असिस्ट (गोलला कामी आलेले पास) धरून. हलचे १०७, एस्पोझिटोचे १५२, हॉजचे १०५, मिळून ३६४. समोर लिंडसेचे ८५, मिकिताचे ९७, कुरीचे १३५, मिळून ३१७. सत्तेचाळीस पॉइंटचा फरक दिसतो आणि लगेच वाटतं, झालं. पण लिंडसेचे ८५ हे १९५६-५७ चे आहेत, ७० सामन्यांच्या हंगामातले. त्या वर्षी पहिला आलेला गॉर्डी हाव ८९ वर होता आणि लिंडसे दुसरा होता. हॉजने १०५ केले १९७०-७१ मध्ये, ७८ सामन्यांच्या हंगामात, आणि तेव्हा तो लीगमध्येच नाही, स्वतःच्या संघातही चौथा होता. हे दोन आकडे एका रकान्यात मांडून बेरीज करणं म्हणजे वेगवेगळ्या मापांनी मोजलेलं धान्य एका पोत्यात ओतणं.

म्हणून भागाकार करा. खेळाडूच्या पॉइंटना त्याच हंगामात दुसऱ्या आलेल्याच्या पॉइंटनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. पहिल्याने भागत नाहीत, कारण पहिला कधीकधी भलताच पुढे असतो. १९८५-८६ मध्ये ग्रेट्झकी २१५ वर होता आणि दुसरा लेम्यू १४१ वर. २१५ ने भागलं तर त्या वर्षीचा प्रत्येक जण सामान्य ठरेल. १४१ ने भागलं तर कुरीचे १३१ हे ९३ होतात, आणि ते पटण्यासारखं आहे. हंगामातले सामने कमी-जास्त असोत, गोलांचा पूर असो की दुष्काळ, किंवा १९५६ पूर्वीचा तो नियम असो, ज्यात गोल झाला तरी दोन मिनिटांची पेनल्टी पूर्ण भोगावी लागायची, या सगळ्याचा परिणाम भागाकारात बराचसा धुऊन जातो. कारण तोलला जाणारा आणि ज्याने तोललं तो, दोघे त्याच बर्फावर खेळलेले असतात.

एकच हंगाम मात्र घेऊ नका, सर्वोत्तम सात घ्या. फेदोरोवचं उदाहरण बोलकं आहे. १९९३-९४ मध्ये १२० पॉइंट, लीगमध्ये दुसरा, म्हणजे पूर्ण शंभर. त्याच वर्षी हार्ट (लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू) आणि सेल्की (बचावात सर्वोत्तम फॉरवर्ड) दोन्ही पुरस्कार त्याचे. पण १९९५-९६ च्या १०७ पॉइंटना जागरच्या १४९ ने भागलं की ७२ उरतात. एकाच हंगामावर मत बनवणाऱ्याला फेदोरोव जेवढा मोठा गोल करणारा वाटतो, तेवढा तो नाही. त्याचं मोल दुसऱ्या ठिकाणी आहे, त्याकडे येतोच.

भागाकारालाही खाचखळगे आहेत, आणि तुमच्या मालिकेत ते नेमके आडवे येतात. १९८८-८९ घ्या. लेम्यू १९९, ग्रेट्झकी १६८, मग आयझरमन १५५, निकल्स १५०, आणि त्यानंतर एकदम खाली ११५ वर रॉब ब्राउन. पाचवा आलेला हा ब्राउन लेम्यूच्या लाइनवर होता. चौथा आलेला निकल्स त्या वर्षी ग्रेट्झकीच्या संघात होता. अशा वर्षी दुसऱ्याने नव्हे, तिसऱ्याने भागणं योग्य. आणि भागाकार झाला तरी पुढचा प्रश्न उरतोच: हे पॉइंट कोणाच्या पासवर आले?

हाच प्रश्न तुमच्या पहिल्या लाइनला लावा. हॉजचे मोठे हंगाम दोन, १९७०-७१ आणि १९७३-७४, दोन्ही वेळा १०५. पहिल्या वर्षी लीगमधले पहिले चारही बोस्टनचे: एस्पोझिटो १५२, ऑर १३९, ब्युसिक ११६, हॉज १०५. बोस्टनबाहेरचा पहिला माणूस पाचवा, ९६ वर, आणि तो होता तुमचाच हल. दुसऱ्या वेळीही चारही बोस्टनचेच: एस्पोझिटो १४५, ऑर १२२, हॉज १०५, कॅशमन ८९. भागाकाराने हॉजला ७६ आणि ८६ मिळतात. पण मागून पक घेऊन येणारा बचावपटू बॉबी ऑर तुमच्या संघात नाही. ही वजावट करावीच लागेल. पहिल्या लाइनवर हॉज चालतो, कारण कोपऱ्यात अंग घालून पक सोडवणं त्याला जमतं. पण त्याच्याकडून १०५ ची अपेक्षा ठेवून मालिका मांडू नका.

एस्पोझिटोवर मात्र हाच शिक्का मारायला मी तयार नाही, जरी बरेच जण मारतात. १९६८-६९ मध्ये त्याने १२६ केले, दुसरा हल १०७ वर, म्हणजे ११८. त्या वर्षी ऑर ६४ वर होता. ऑरचे शंभरापुढचे हंगाम अजून यायचे होते. १९७२ ला कॅनडाच्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या आठ सामन्यांत ऑर दुखापतीमुळे खेळलाच नाही, तरी १३ पॉइंटनी सर्वांत पुढे एस्पोझिटोच. त्याची खरी मर्यादा ऑर नव्हे, पाय. तो गोलसमोरच्या जागेत ठाण मांडतो आणि पक तिथपर्यंत पोचला की जाळ्यात. १९७०-७१ मध्ये त्याने गोलवर ५५० फटके मारले, ७६ असिस्टही केले. पण पक तिथपर्यंत पोचवायचा कोणी?

तुमच्या आजच्या लाइनमध्ये ते काम हलकडे येतं. हलला ते जमतं, वेगही आहे. पण स्वतःच्या टोकापासून पक नेऊन डाव्या बाजूने फटका मारणं हा त्याचा खेळ, म्हणजे एस्पोझिटोला बहुतेक वेळा उरलेसुरले रिबाउंड (गोलरक्षकाला लागून परतलेले पक). दोघे शिकागोमध्ये १९६७ पर्यंत एकत्र होते, तेव्हा ही जोडी चालते हे नाकारता येत नाही. पण ड्राफ्टच्या पातळीवर समोर कोण आहे ते बघायला हवं. फटके मारणारे दोन, पक एक, आणि पक हातचा गेल्यावर मागे धावणारा तिघांत एकही नाही.

समोरच्या पहिल्या लाइनमध्ये कामाची वाटणी स्वच्छ आहे. लिंडसे कोपऱ्यात जाऊन पक काढतो, मिकिता तो ताब्यात घेऊन जागा तयार करतो, कुरी पास येताच न थांबवता फटका मारतो आणि पक हरवला की सर्वांत आधी परततो. लिंडसे आणि मिकिता १९५९-६० मध्ये शिकागोत एकत्र होते, म्हणजे जोडी अगदीच कल्पनेतली नाही. मिकिताचे भागाकार बघा: १९६३-६४ मध्ये १०२, १९६४-६५ मध्ये १०५, १९६६-६७ मध्ये १२१, १९६७-६८ मध्ये १०४. चार वेळा लीगमध्ये पहिला, तोही मध्यावरून खेळ चालवत. समोरच्याला एक प्रश्न मात्र जरूर विचारा: तुमचा मिकिता कुठल्या वर्षीचा? १९६४-६५ मध्ये तो १५४ मिनिटं पेनल्टीत बसला, १९६६-६७ मध्ये फक्त १२. लिंडसेच्या शेजारी तापट मिकिता बसवला, तर तुमच्या पॉवर प्लेची (समोरचा पेनल्टीत असताना एक माणूस जास्त घेऊन खेळण्याची) चंगळ. हा मुद्दा मत देणाऱ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे.

कुरीला वजावट लागते, हॉजइतकी नव्हे. कुरीला पास देणारा ग्रेट्झकी ऑगस्ट १९८८ मध्ये एडमंटनचा संघ सोडून गेला, त्याच्या पुढच्याच हंगामात कुरीने १०२ केले. आयझरमनच्या १५५ ने भागलं तर ६६. म्हणजे ग्रेट्झकीसोबत ९३ ते १००, त्याच्याशिवाय ६६. मिकिता ग्रेट्झकी नाही, पण पास देणारा उत्तम सेंटर आहे, तेव्हा मी कुरीला ८० च्या आसपास धरेन. प्लेऑफमध्ये त्याचं वजन वाढतं: १९८५ मध्ये एका प्लेऑफमध्ये १९ गोल, कारकिर्दीत प्लेऑफचे १०६.

एकंदर पहिली लाइन: गोल करण्यात तुम्ही किंचित पुढे, कारण १९६५-६६ चा हल (९७ पॉइंट, दुसरे ७८ वर, म्हणजे १२४) या सहा जणांत सर्वांत धोकादायक माणूस. दोन्ही दिशांचा खेळ धरला तर ते पुढे.

आता या मालिकेतली खरी मेख. लेफ्ट विंगसमोर राइट विंग येतो. हलसमोर कोण? क्लोद प्रोव्हो. हलच्या मागे सावलीसारखं फिरणं हे प्रत्यक्ष आयुष्यात त्याचं नेमून दिलेलं काम होतं, आणि १९६५ च्या अंतिम मालिकेत माँट्रियलने शिकागोला सात सामन्यांत हरवलं तेव्हाही ते त्याच्याकडेच होतं. समोरच्याने ही निवड डोळे उघडे ठेवून केलेली आहे. आणि प्रोव्होला नुसता अडवणारा समजू नका: १९६४-६५ मध्ये ६४ पॉइंट, उलमनच्या ८३ ने भागले तर ७७, आणि त्या वर्षीचा ऑल-स्टार पहिल्या संघातला राइट विंग. त्याच्यासोबत सेल्कीचे पहिले चार पुरस्कार ओळीने घेणारा गेनी आणि तीन सेल्कीवाला कार्बोनो. गेनीने एकाही हंगामात ५० पॉइंट गाठले नाहीत, म्हणून तिसरी लाइन तुम्ही तुमच्या खात्यात टाकलीत. पण ती लाइन तुमच्या तिसऱ्या लाइनशी खेळणारच नाही, ती हलच्या लाइनवर सोडली जाईल. तिने हलला सामन्यात एक गोल कमी करू दिला, तर तिचं काम झालं.

इथे घरचा बर्फ कामाला येतो. खेळ थांबल्यावर खेळाडू बदलायचा शेवटचा हक्क यजमानाचा. म्हणजे चार सामन्यांत तुम्ही हलला प्रोव्होपासून बरंच दूर ठेवू शकता. उरलेल्या तीनमध्ये चालत्या खेळात बदल करूनच सुटावं लागेल. मालिका कुठल्या नियमांनी खेळायची हेही आधीच ठरवून घ्या. २००५-०६ पासूनच्या नियमांत आयसिंग (स्वतःच्या अर्ध्यातून पक समोरच्या टोकापर्यंत नुसता भिरकावणं) करणाऱ्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत आणि मधल्या लाल रेषेपलीकडचा लांब पास चालतो. दोन्ही गोष्टी हलच्या फायद्याच्या: लांब पासवर तो सुटतो, आणि थकलेली लाइन बर्फावर अडकवून त्याला सोडता येतं.

दुसरी लाइन बरोबरीची नाही. बार्बर–क्लार्क–लीच ही फिलाडेल्फियाची खरी लाइन, एकमेकांना पाठ असलेली. १९७५-७६ मध्ये क्लार्क ११९ वर लीगमध्ये दुसरा, बार्बर ११२ म्हणजे ९४, लीच ६१ गोलांसह ९१ म्हणजे ७६. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये लीचचे १९ गोल, आणि हरलेल्या संघात असूनही कॉन स्मिथ (प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) त्याला. पण ऐन भरातल्या वर्षाचे हे आकडे. सात वर्षांचा हिशेब लावला तर लीच झपाट्याने खाली येतो, क्लार्क तसाच उभा राहतो.

समोर क्रुतोव आणि मकारोव. यांना एनएचएलच्या पॉइंटनी मोजणं ही सर्रास होणारी चूक. क्रुतोवचे व्हँकुव्हरमध्ये ६१ सामन्यांत ३४ पॉइंट, हा आकडा तुम्ही पुढे केलात तर जाणकार मतदार तिथेच वाचणं थांबवतील. तो त्याचा उतार होता. मकारोवने ३१ व्या वर्षी येऊन पहिल्याच हंगामात ८६ केले आणि नवोदिताचा पुरस्कार नेला. त्यानंतर लीगला त्या पुरस्कारासाठी २६ वर्षांखालच्या वयाची अट घालावी लागली. सोव्हिएत लीगमध्ये तो नऊ वेळा पॉइंटमध्ये पहिला. १९८७ च्या कॅनडा कपमध्ये (देशांच्या संघांची स्पर्धा) पॉइंटच्या यादीत ग्रेट्झकी, लेम्यू आणि लगेच हे दोघे. रुंद रिंकचा मुद्दा मांडणारेही भेटतील: आंतरराष्ट्रीय बर्फ तेव्हा ३० मीटर रुंद, एनएचएलचा साधारण २६. पण कॅनडा कप उत्तर अमेरिकेच्या अरुंद रिंकवरच झाले होते, त्यामुळे तो युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

त्यांच्या लाइनवर खरी टीका करायची तर ती अशी: क्रुतोव आणि मकारोवचा सेंटर लारियोनोव होता, आणि मागे फेतिसोव–कासातोनोव. पाच जणांनी मिळून पक फिरवायचा खेळ होता तो. फेदोरोव पक स्वतः घेऊन पळतो; लारियोनोवसारखा थांबून, मान वर करून, जागा उघडण्याची वाट बघत नाही. त्यामुळे थोडा ताल जातो. पण बदल्यात वेग आणि बचाव मिळतो, आणि १९९५ ते १९९८ सलग चार प्लेऑफमध्ये २० किंवा जास्त पॉइंट करणारा सेंटर. दुसरी लाइन त्यांची, आणि फरक बारीक नाही.

तिसरी तुमची लाइन गोल करण्यात भारी आहे, यात वाद नाही. उलमन १९६४-६५ मध्ये ४२ गोलांसह लीगमध्ये अव्वल, ब्युसिक १९७०-७१ चे ११६ म्हणजे ८३, मलन १९८८-८९ चे ११० म्हणजे ७१. पण मिनिटं मोजा. साठपैकी साधारण दहा मिनिटं पॉवर प्ले आणि पेनल्टी किलमध्ये (आपला माणूस पेनल्टीत असताना बचाव) जातात असं धरलं तर पाच-विरुद्ध-पाचची पन्नास उरतात. ती मी १६, १४, १२ आणि ८ अशी वाटतो. म्हणजे तुमची सर्वांत मोठी आघाडी बारा मिनिटांत, त्यांची चौदामध्ये. चौथ्या लाइनवर वेळ घालवू नका. तुमची किंचित सरस, कारण ब्रिंडामोर बचावातले फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणं) घेईल.

आता बदल. मी हे असं उतरवेन:

हल – क्लार्क – लीच
कॅशमन – एस्पोझिटो – हॉज
बार्बर – उलमन – मलन
ब्युसिक – ब्रिंडामोर – वेस्टफॉल

कॅशमन–एस्पोझिटो–हॉज ही बोस्टनची मूळ लाइन. कोपऱ्यात दोन दांडगे, समोर एस्पोझिटो, पक खालून वर येतो. वेगाने पक घेऊन येणाऱ्याची गरजच कमी होते. हलला क्लार्क मिळतो, म्हणजे पक हिसकावून देणारा आणि हरवला तर मागे धावणारा सेंटर. लीचला त्याचा क्लार्क राहतोच. बार्बर आणि क्लार्क वेगळे होतात ही किंमत आहे, पण पेनल्टी किलला दोघांना पुन्हा एकत्र आणा. ब्युसिक समान खेळात मागे गेला तरी पॉवर प्लेवर एस्पोझिटोच्या बाजूला त्याची जागा पक्की ठेवा. त्याची मिनिटं तिथे भरून निघतात.

याने प्रोव्होची लाइन पेचात पडते. ती हलच्या मागे गेली तर एस्पोझिटो मोकळा, एस्पोझिटोवर आली तर हल. धोका एकच, आणि तो खरा आहे: एस्पोझिटोची लाइन फेदोरोवच्या लाइनसमोर सापडली तर पायांच्या फरकाने मार खाईल. घरच्या चार सामन्यांत ते टाळता येतं. बाहेरच्या तीनमध्ये एस्पोझिटोला फक्त त्यांच्या बाजूच्या फेसऑफला पाठवा, आपल्या बाजूच्या फेसऑफला ब्रिंडामोर, आणि फेदोरोव उतरताच क्लार्क. हलची काही मिनिटं त्यात जातील, ती जाऊ द्या.